कोरं आणि शून्य

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात एक शेतकरी हातातली पट्टी दिवाणजींच्या नाकासमोर धरून उभा होता. पट्टी म्हणजे दुकानातून शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद. किती पोती, किती वजन, काय भाव लागला, हमाली किती, तोलाई किती आणि हातात पडणार किती. त्याच्या पट्टीच्या शेवटच्या ओळीत छापलं होतं, देय रक्कम उणे ६८४ रुपये.

"हळद मी आणली. अठरा पोती तुमच्याच दुकानात पडल्यात. आन वर मीच तुमास्नी पैसं द्यायचं व्हय?"

दिवाणजींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. तो प्रोग्रॅम माझा होता.

२०२२ सालचा मार्च, हळदीचा ऐन हंगाम. सांगलीत मार्चमध्ये कुणाला दम खायला वेळ नसतो, यार्डातून नुसतं चालत गेलं तरी संध्याकाळी चपला पिवळ्या होतात. त्या गर्दीत त्याच्या राजापुरी जातीच्या हळदीला जो भाव पुकारला गेला तो त्याला पटला नाही, म्हणून त्यानं माल दिला नाही. यात नवल काहीच नव्हतं, रोज दोन-चार जण असं करतात. पण माल उतरवला गेला होता, वजन झालं होतं, हमाली-तोलाई लागली होती. माझ्या प्रोग्रॅमनं भावाचा रकाना रिकामा बघितला, रिकामा म्हणजे शून्य असं धरलं, वजनाला शून्यानं गुणलं, त्यातून हमाली-तोलाई वजा केली आणि अगदी व्यवस्थित छापून शेतकऱ्याच्या हातात उधारी दिली.

मी माफी मागितली, पट्टी फाडली. शेतकरी चहा पिऊन गेला. जाताना "मशिनीला सांगा, आमी फुकट देत न्हाई" म्हणाला. दिवाणजींनी मग आपली वही उघडून माझ्यापुढं सरकवली. त्यांच्याकडं अजून कापडी पुठ्ठ्याची वही असते, संगणकावर विश्वास नाही म्हणून नव्हे, हाताला सवय आहे म्हणून. त्याच शेतकऱ्याच्या ओळीत भावाच्या रकान्यात त्यांनी एक बारीक आडवी रेघ मारली होती.

"ताई, कोरं न् शून्य एक न्हवं. शून्य म्हंजे फुकट दिला. कोरं म्हंजे अजून दिलाच न्हाई."

मला जास्त लागलं ते हे, की ही गोष्ट मला पाच वर्षांपूर्वी माहीत होती. याच प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीत असली पट्टी छापणं शक्यच नव्हतं. ती आवृत्ती वेगळ्या भाषेत लिहिली होती, आणि ती भाषा मी स्वतः, विचार करून, काढून टाकली होती.

मी २०१६ मध्ये पुण्याची नोकरी सोडून सांगलीला परत आले. कारणं घरची होती, ती इथं नकोत. येताना डोक्यात स्काला ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेऊन आले. पुण्यात तिच्यावर चार वर्षं काम केलं होतं आणि मी तिच्या प्रेमात होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मार्टिन ओडर्स्की यांनी ती स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात घडवली, २००४ मध्ये ती जाहीरपणे बाहेर आली. तिचा दावाच असा की ऑब्जेक्ट ओरिएंटेड (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधायची) आणि फंक्शनल (काम गणितातल्या फलनांसारखं मांडायचं) या प्रोग्रॅम लिहायच्या दोन्ही रीती एकाच भाषेत सुखानं नांदतील. याला मल्टि-पॅराडाइम म्हणतात. पॅराडाइमला मराठी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा मला आपला 'घराणं' बरा वाटतो. शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, त्यामुळं आमच्याकडं घराणं म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. राग तोच, पण त्यात शिरायचं कुठून, कुठल्या स्वरावर रेंगाळायचं, लयीशी किती खेळायचं याचं प्रत्येकाचं वळण वेगळं. मल्टि-पॅराडाइम भाषा म्हणजे दोन-तीन घराण्यांची तालीम घेतलेला गवई.

त्या पहिल्या आवृत्तीत मी मालाच्या तीनच अवस्था लिहून ठेवल्या होत्या, विकला, नाकारला आणि पडून आहे. भाव ही चीज फक्त 'विकला'च्या पोटात होती. बाकीच्या दोघांना भाव नावाचा रकानाच नव्हता. त्यामुळं नाकारलेल्या मालाचा भाव मागणारी ओळ कुणी लिहिलीच तर कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, ती पुढं जाऊ देत नसे. उद्या चौथी अवस्था घातली आणि एखाद्या ठिकाणी तिचा विचार करायचा राहिला, तरी तो बोट दाखवायचा, इथं एक विसरलीस. दिवाणजींची ती आडवी रेघ मी प्रोग्रॅमात जशीच्या तशी उतरवली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग सोडली का?

माणसांमुळं. माझं ऑफिस सांगलीतल्या विश्रामबागेत, तीन खोल्यांचं. इथं इंजिनिअर मिळत नाहीत असं नाही, वालचंद कॉलेज १९४७ पासून पोरं घडवतंय. मिळतात, पण टिकत नाहीत. दीड वर्ष झालं की पोरगं एक दिवस पेढे घेऊन येतं, आणि पेढ्यांचा बॉक्स बघितला की मला कळतं, पुणे किंवा बेंगळुरू. मला राग येत नाही, मीही हेच केलं होतं. पण प्रत्येक पेढ्यामागं नवीन माणूस येतो आणि त्याला स्काला शिकवायची असते. बरं, स्काला एक असती तरी चाललं असतं. आमच्याकडं तिघांनी तीन स्काला लिहिल्या होत्या. एक जण ती जावा या भाषेसारखी लिहायचा. दुसऱ्याला फंक्शनलचं वेड, तो चार ओळींत अशी करामत करायचा की वाचणाऱ्याला घेरी यावी. तिसरी मी. शिवाय त्यात 'इम्प्लिसिट' नावाचं प्रकरण होतं, म्हणजे तुम्ही न लिहिलेली गोष्ट कंपायलर स्वतःच संदर्भावरून शोधून आणून जोडतो. लिहिणाऱ्याला ते सायीसारखं वाटतं. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळतच नाही की हा आकडा इथं आला कुठून. पुढं २०२१ मध्ये स्कालाच्या तिसऱ्या आवृत्तीत हे प्रकरण त्यांनी नव्या शब्दांत नीटनेटकं करून मांडलं, तोवर माझा धीर संपला होता.

२०१९ च्या पावसाळ्यानंतर लागोपाठ दोन पेढे झाले. राहिले मी आणि कवठेमहांकाळची एक नवी मुलगी. तिनं पट्टीच्या त्या एका फाइलवर पहिले सहा आठवडे घालवले. सातव्या आठवड्यात माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, मला वाटतं मला प्रोग्रॅमिंग येत नाही." चांगली हुशार मुलगी. दोष तिचा नव्हता, दोष माझ्या हौसेचा होता.

लॉकडाउनमध्ये आम्ही दोघींनी सगळं गो भाषेत नव्यानं लिहिलं.

गो कशी जन्मली ते मला आवडतं. २००७ चा सप्टेंबर. रॉब पाइक गूगलमध्ये सी++ च्या एका अवाढव्य प्रोग्रॅमवर काम करत होते. तो एकदा कंपाइल व्हायला पाऊण तास लागायचा, तोही यंत्रांचा ताफा दिमतीला असताना. तेवढ्यात सी++ च्या येणाऱ्या आवृत्तीबद्दल एक व्याख्यान झालं. त्या भाषेत आणखी पस्तीसेक गोष्टी येणार आहेत असं त्यात कळलं. सी++ चं दुखणं गोष्टी कमी पडण्याचं आहे असं खरंच कुणाला वाटतं का, हा प्रश्न घेऊन ते परतले आणि कंपायलर चालू असताना रॉबर्ट ग्रीझमर आणि केन थॉम्पसन यांच्याशी बोलायला बसले. थॉम्पसन म्हणजे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी ठरवलं, तिघांनाही पटेल तेवढंच आत घ्यायचं. नोव्हेंबर २००९ मध्ये भाषा जाहीर झाली. तिचे राखीव शब्द २५. पुन्हापुन्हा करायच्या कामासाठी एकच 'फॉर'. ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांतले क्लास नाहीत, वारसा नाही. कोड कसा मांडायचा, मोकळी जागा कुठं सोडायची, यावरही वाद नको म्हणून ते काम 'गोफम्ट' नावाच्या अवजाराकडं दिलेलं. पाइक यांनी पुढं एकदा सांगितलं, की गूगलमधले बरेचसे प्रोग्रॅमर तरुण, नुकतेच कॉलेजातून आलेले असतात, म्हणून भाषा त्यांना पटकन उचलता येईल अशी हवी होती. त्यावर पुष्कळ जण चिडले, पोरांना कमी लेखलं म्हणून. मी ते वाचून हसले होते. कुठं गूगल, कुठं विश्रामबाग, डोकेदुखी एकच.

त्या मुलीनं गोमधली पहिली दुरुस्ती चौथ्या दिवशी केली. तिच्या चेहऱ्याकडं बघून मी स्कालाचा शोक आवरता घेतला.

खटकायचं ते खटकतंच. गोमध्ये दर तिसऱ्या ओळीला 'चूक झाली का, झाली असेल तर परत जा' असं लिहावं लागतं, मारुतीच्या देवळात प्रत्येक खांबाला नमस्कार करत गेल्यासारखं. एकच काम किलोंसाठी, रुपयांसाठी आणि पोत्यांसाठी मी तीन वेळा लिहिलं, कारण जेनेरिक्स (एकदा लिहिलेलं काम वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीला वापरायची सोय) तेव्हा भाषेत नव्हते. ते आले मार्च २०२२ मध्ये, म्हणजे भाषा जाहीर झाल्यावर बारा वर्षांनी. योगायोग असा, की उणे ६८४ ची पट्टी निघाली तो हाच महिना. गोमध्ये आकड्यासाठी जागा केली आणि तिच्यात काही घातलं नाही, तर तिथं आपोआप शून्य बसतं. हा नियम सोपा आहे, एका वाक्यात सांगता येतो, आणि एरवी त्यामुळं पुष्कळ कटकटी वाचतात. फक्त त्यात दिवाणजींच्या रेघेला जागा नाही. ती तुम्ही वेगळी करायची, आम्ही केली नव्हती. एक टेस्ट लिहिली असती तरी सापडलं असतं, म्हणून सगळं भाषेच्या माथी मारणार नाही. पण थोडं मारणार.

इथं जरा आडवळणाला जाते. त्याच २०१९ साली, जूनमध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला होता. एकवीस, बत्तीस याच्या जोडीनं 'वीस एक', 'तीस दोन' असं वाचायची रीत पुस्तकात आली होती. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि जोडाक्षरं व उलटा क्रम यांच्यामुळं लहान मुलं अडखळतात म्हणून ही सोय, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी थट्टा केली, मराठीचा खून वगैरे झाला. मीही तेव्हा हसणाऱ्यांतच होते. नंतर प्रोग्रॅमिंगच्या नजरेनं बघायला लागले तेव्हा थांबले. मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव पाठ करावं लागतं. चौतीसवरून चौसष्ट ताडता येतं, पण बेचाळीस, बावन्न, ब्याऐंशी हे तिघं एकाच घरचे आहेत हे कोण ओळखेल? साडेतीन, साडेचार असतात, पण साडेएक नाही, तिथं दीड. साडेदोन नाही, तिथं अडीच. आणि दिवाणजींच्या पिढीनं पावकी, निमकी, अगदी साडेतिनाची औटकीसुद्धा पाठ केलेली. ही सगळी मोठ्या भाषेची लक्षणं. एकदा अंगात मुरली की काय वेग येतो! अडीच क्विंटलला सव्वा तेरा हजारांनी किती, हे दिवाणजी मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत सांगतात.

मात्र तो वेग त्यांनी सातव्या-आठव्या वर्षी किंमत मोजून विकत घेतलाय, छड्यांच्या रूपात. एकदा मोजली आणि चाळीस वर्षं एकाच गादीवर बसून वसूल केली. आमच्याकडं तीच किंमत दर दीड वर्षानं नवा माणूस पुन्हा मोजतो, आणि वसूल व्हायच्या आत पेढे येतात. भाषा निवडताना मी आता एवढंच बघते, ती शिकण्याचा खर्च कोण भरणार आणि किती वेळा. कुठली भाषा श्रेष्ठ यावर मी अगदी रात्री दोनपर्यंत भांडलेली आहे, पुण्यात, सिंहगड रोडच्या एका फ्लॅटवर. तिथं आम्ही पाचही जण पुढची तीन वर्षं त्याच टेबलावर बसणार होतो. त्या टेबलावर स्काला बरोबर होती.

लहान भाषा म्हणजे काम सोपं, असंही नाही. दिवाणजींची वही बघा. तिची भाषा जगातली सगळ्यात लहान असावी. जमा आणि नावे, दोन शब्द. रोजमेळ, कीर्द, खतावणी, सगळा यार्ड त्या दोन शब्दांवर चालतो. मग बाकीचा व्यवहार जातो कुठं? समासात. तिथं आडव्या रेघा, लाल टिंबं, एखाद्या नावापुढं छोटा 'ल' असतो. मागं दिवाणजींची एंजिओप्लास्टी झाली आणि ते पंधरा दिवस घरी होते. दुकान बंद पडलं नाही, पण अडखळलं, कारण लाल टिंबाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. मालकांनी फोन करून विचारलं. लाल टिंब म्हणजे उचल घेतलीय, पण घरी कळू द्यायची नाही. छोटा 'ल' म्हणजे लग्न आहे, घाई करू नका. दोन शब्दांच्या भाषेत न मावलेलं सगळं एका माणसाच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या घरात हाच खेळ मोठ्या पटावर झालाय. स्कीम ही लिस्पची सडसडीत लेक, १९९८ चा तिचा अहवाल अवघा पन्नासेक पानांचा. थोरली कॉमन लिस्प, तिचे सगळे नियम ठरवणारा १९९४ चा दस्तऐवज हजारावर पानांचा. स्कीमच्या त्या पन्नास पानांत प्रोग्रॅमचे भाग करून एकमेकांना जोडायचे कसे, याचीच ठरलेली रीत नव्हती. ज्यानं त्यानं आपापली केली, आणि एकाची स्कीम दुसऱ्याकडं नेली की गाडी रुळावरून उतरायची. २००७ मध्ये ती रीत घातली तर भाषा जाड झाली म्हणून भांडणं. मला दोन्ही बाजूंचं पटतं, आणि मी त्या भांडणात नाही याचं बरंही वाटतं.

आमच्या गोच्या प्रोग्रॅमातही आता समास तयार झालाय. त्या पट्टीनंतर आम्ही 'भाव ठरला' नावाचा एक हो-नाहीचा रकाना घातला. भाव वाचण्याआधी तो बघायचा, असा ऑफिसचा नियम. कंपायलर तो नियम पाळायला लावत नाही, कवठेमहांकाळची मुलगी लावते. नव्या पोरानं विसरून थेट भाव वाचला की ती कोड परत पाठवते, खाली एवढंच लिहून, 'उणे ६८४'. नव्यांना आधी काही कळत नाही. मग कुणीतरी गोष्ट सांगतं. म्हणजे आमचं लाल टिंब तेच. ती मुलगी पेढे घेऊन आली तर काय, हा विचार मी करत नाही. तिला इथं पाच वर्षं झाली, आणि तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं नवं काम आलं तेव्हा कुठल्या भाषेत करायचं हे मी तिलाच ठरवायला सांगितलं. तिनं गो म्हटलं. मला मनात कुठंतरी ती स्काला म्हणेल अशी वेडी आशा होती. रविवारी दुपारी घरातले झोपले की मी माझ्यापुरती स्काला लिहिते, कशासाठी म्हणून नाही. तिथं चार ओळींत करामत केली तरी वाचायला कुणी नसतं.

या फेब्रुवारीत तिला घेऊन यार्डात गेले होते. नवी हळद यायला सुरुवात झाली होती. तिचं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळं पहिल्या वर्षी दिवाणजी 'एकोणसाठ' म्हणाले की ती एकोणसत्तर टाईप करायची आणि पोत्यामागं दहा किलो वाढायचे. दोन दिवस दिवाणजींनी आरडाओरडा केला, तिसऱ्या दिवसापासून ते तिच्यासाठी फोड करून सांगायला लागले. आता तिला सगळं पाठ झालंय, पण त्यांची सवय गेलेली नाही.

"पन्नास नऊ," दिवाणजी वहीत बघत म्हणाले.

"एकोणसाठ," ती म्हणाली आणि टाईप केलं. "भाव?"

"भाव न्हाई. कोरं ठेव."

कोरं ठेवायची सोय आमच्या स्क्रीनवर नाही. तिनं भावाच्या चौकटीतला शून्य तसाच राहू दिला, 'भाव ठरला' समोरची टिक काढली, आणि पुढच्या पोत्याकडं वळली.